उरलेले सात टक्के

आईसाठी भाड्याने आणलेले ऑक्सिजनचे यंत्र बसवायला जो तरुण आला होता, त्याने आपले काम झटपट उरकले. बाटलीत डिस्टिल्ड पाणी कोणत्या रेषेपर्यंत भरायचे, नळी कुठे मुडपू द्यायची नाही, मागची जाळी कधी धुवायची, बोअरचे पाणी चुकूनही का घालायचे नाही, हे सगळे त्याने सवयीच्या सुरात सांगितले आणि मग खिशातून मोबाइलएवढे एक उपकरण काढून नळीच्या तोंडाशी धरले. त्यावर ९३ हा आकडा उमटला. "प्युरिटी चांगली आहे, ताई," तो म्हणाला. बँकेत नोकरी केलेल्या माणसाला जो प्रश्न सर्वांत आधी सुचतो, तोच मी विचारला : मग उरलेले सात टक्के काय आहे? त्याने क्षणभर यंत्राकडे पाहिले. "ते राहतंच. नव्या मशीनलासुद्धा राहतं, शंभर कधीच येत नाही. आजींना काही त्रास नाही त्याचा," असे सांगून त्याने पावती दिली आणि तो पुढच्या घरी निघून गेला.

त्याच्या दृष्टीने विषय तिथेच संपला होता आणि माझ्याही दृष्टीने तो संपायला हरकत नव्हती, कारण आईच्या बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर संध्याकाळपर्यंत ८८ चे ९४ झाले होते आणि घरात त्याहून मोठी बातमी नव्हती. पण रात्री झोप लागेना. कॉम्प्रेसरची घरघर एका सुरात चाललेली असते, तिच्यात दर काही सेकंदांनी एक लांबट सुस्कारा मिसळतो, बाटलीतले पाणी बुडबुडत राहते आणि यंत्राच्या मागून येणारा कोमट झोत नव्या प्लास्टिकचा वास खोलीभर पसरवतो. तो सुस्कारा ऐकत पडले असताना उरलेल्या सात टक्क्यांचा प्रश्न पुन्हा पुन्हा वर येत राहिला. जी हवा आपण जन्मभर न मोजता घेतो, तिचा हिशोब कोणी असा आकड्यात समोर ठेवला की त्यातली न जुळणारी रक्कम दिसू लागते, आणि एकदा दिसली की ती नजरेआड करता येत नाही.

पुढच्या काही दिवसांत मी वाचून काढले ते असे. खोलीतली हवा कॉम्प्रेसर एका नळकांड्यात दाबाने ढकलतो. नळकांड्यात बारीक पांढरे मणी ठासून भरलेले असतात. ते झिओलाइटचे असतात आणि दुरुस्ती करणारी मंडळी त्यांना नुसते 'सीव्ह' म्हणतात. सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांच्या अणूंची ती एक जाळीदार रचना असते, जाळीत रेणूच्या मापाच्या पोकळ्या असतात आणि पोकळ्यांच्या कडेला सोडियमचे किंवा लिथियमचे धनभारित कण बसलेले असतात. नायट्रोजनच्या रेणूत विद्युतभाराची वाटणी किंचित असमान असल्यामुळे दाबाखाली तो या कणांपाशी अडकतो. ऑक्सिजन त्या मानाने कमी अडकतो आणि पुढे निघून जातो. मणी नायट्रोजनने भरत आले की यंत्र दाब काढून घेते, अडकलेला नायट्रोजन सुस्कारा टाकून खोलीत परत येतो आणि तोवर शेजारच्या दुसऱ्या नळकांड्याने काम हाती घेतलेले असते. म्हणजे हे यंत्र ऑक्सिजनचा एक रेणूही तयार करत नाही. हवेच्या शंभर भागांतले ७८ भाग ते घटकाभर बाजूला धरते, एवढेच.

झिओलाइट हे नाव वाचल्यावर मी उठून बाहेरच्या खोलीतल्या शोकेसपाशी गेले. पुण्यातल्या आमच्या पिढीच्या पुष्कळ घरांत अशी एक गार सापडेल. आमच्याकडची फिकट नारिंगी आहे, पात्यांसारख्या स्फटिकांचा गुच्छ काळ्या दगडाच्या कपारीतून उगवल्यासारखा दिसतो, आणि तिचे नाव स्टिलबाइट आहे, म्हणजे तीही एक झिओलाइटच, हे कळायला मला साठी ओलांडावी लागली. वडिलांचे एक स्नेही नगर रस्त्यावर खडीचा व्यवसाय करत, त्यांनी ती वाघोलीच्या खाणीतून आणून दिली होती. आम्ही मुले त्यांच्याबरोबर एकदा तिथे गेलो होतो. क्रशरचा दाताला झिणझिण्या आणणारा आवाज, सुरुंगाच्या दारूचा उग्र वास आणि रस्त्याकडेच्या बाभळींच्या पानांवर बसलेली करडी भुकटी हे सगळे आजही आठवते. खडीसाठी दगड फोडणाऱ्यांच्या हाती मधूनच एखादी स्फटिकांनी भरलेली पोकळी लागे आणि मग ती हातोडीऐवजी छिन्नीने, जपून मोकळी केली जाई. वाघोलीच्या कॅव्हॅन्साइटचे निळे गुच्छ जगभरच्या संग्रहांत मानाने ठेवलेले असतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात गेलेल्यांनी दख्खनच्या दगडाचे हे वैभव पाहिलेच असेल. यंत्रातले मणी अर्थातच वाघोलीचे नसतात, ते कारखान्यात घडवलेले असतात, कारण निसर्गातले स्फटिक देखणे असले तरी एकसारखे नसतात. पण कूळ तेच. १७५६ मध्ये क्रोन्स्टेट या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाने अशाच एका दगडाला आच दिली तेव्हा दगड उकळल्यासारखा दिसू लागला, कारण त्याच्या पोकळ्यांत बसलेले पाणी वाफ होऊन बाहेर पडत होते. पाणी निघून गेल्यावर रिकाम्या झालेल्या त्या जागा दुसऱ्या रेणूंना आसरा देतात, आणि आईच्या उशाशी चाललेले सगळे काम त्या रिकाम्या जागांचे आहे.

या गारा ज्या पोकळीत वाढतात ती पोकळी मुळात वायूची असते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थर एकावर एक पसरत होते तेव्हा त्यात विरघळलेले वायू वर येऊन थराच्या माथ्याशी बुडबुड्यांच्या रूपात अडकले, दगड थिजला, वायू निसटून गेला आणि पुढे केव्हा तरी गरम पाणी झिरपून त्या भोकांत गारा धरल्या. वेताळ टेकडीच्या जुन्या खाणीत, पर्वतीच्या पायथ्याशी, कुठल्याही जुन्या वाड्याच्या जोत्यात हा भोकाभोकांचा दगड दिसतो. त्यातून निसटलेली वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि गंधकाचा वायू त्या काळच्या हवेत मिसळला; डायनोसॉरांच्या अंतात त्याचा वाटा किती आणि मेक्सिकोत आदळलेल्या अशनीचा किती, हा वाद अजून चालू आहे आणि त्यात मी पडत नाही. मला थक्क करते ते इतकेच, की ज्या शहरात आपण 'हवा चांगली आहे' असे एकेकाळी अभिमानाने सांगत असू, ते शहर मुळात पृथ्वीच्या एका प्रचंड उच्छ्वासावर बांधलेले आहे.

पण सात टक्क्यांचा प्रश्न अजून तसाच होता.

त्यातला मोठा भाग अर्गॉनचा निघाला. कोरड्या हवेत नायट्रोजन ७८ टक्के, ऑक्सिजन २०.९५ टक्के आणि अर्गॉन ०.९३ टक्के असतो. झिओलाइटच्या लेखी ऑक्सिजन आणि अर्गॉन जवळजवळ सारखेच, दोघेही पुढे निसटतात. त्यामुळे सगळाच्या सगळा नायट्रोजन काढून टाकला तरी नळीतून येणाऱ्या वायूत ऑक्सिजन ९५.७ टक्क्यांवर थांबतो आणि बाकीचे सव्वाचार टक्के अर्गॉन असतो. आमच्या यंत्रात त्यावर थोडा चुकार नायट्रोजन राहिला होता. त्या तरुणाचे 'ते राहतंच' हे उत्तर पूर्णपणे शास्त्रशुद्ध होते. अर्गॉन असाच राहून गेलेला वायू आहे. १७८५ मध्ये हेन्री कॅव्हेंडिशने बंद नळीतल्या हवेत विजेच्या ठिणग्या पाडून नायट्रोजन संपवत आणला, तरी एक चिमुकला बुडबुडा काही केल्या नाहीसा होईना. मूळ वायूच्या १२० व्या हिश्श्याहून तो मोठा नव्हता. कॅव्हेंडिशने तो प्रामाणिकपणे नोंदवला आणि ती नोंद शंभर वर्षे पडून राहिली. पुढे लॉर्ड रॅलेला असे दिसले की हवेतून मिळवलेला नायट्रोजन रसायनांपासून बनवलेल्या नायट्रोजनपेक्षा अर्ध्या टक्क्याने जड भरतो. प्रयोगातली किरकोळ तफावत म्हणून कोणीही सोडून दिला असता असा तो फरक, पण त्याने तो सोडला नाही आणि १८९४ मध्ये विल्यम रॅम्झीबरोबर हवेतला एक नवा घटक जगापुढे ठेवला. हवेत हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या वीसपटीहून अधिक आहे, प्रत्येक श्वासात आत जाऊन जसाच्या तसा बाहेर येतो, आणि तरीही माणसाला त्याचा पत्ता एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लागला.

अर्गॉन आला कुठून, हे वाचल्यावर तर मी पुस्तक मिटून बसले. पृथ्वीच्या खडकांत पोटॅशियम असते आणि त्याचा एक अगदी अल्प अंश किरणोत्सारी असतो. १२५ कोटी वर्षांत तो निम्मा होतो आणि त्याच्या ऱ्हासातून काही प्रमाणात अर्गॉन तयार होतो. हवेतला जवळजवळ सगळा अर्गॉन असा खडकांतून, कणाकणाने, पृथ्वीच्या साऱ्या आयुष्यात जमा झालेला आहे. लाव्हा पातळ असताना त्यातला अर्गॉन उडून जातो आणि तो थिजल्यावर नव्याने साठू लागतो, म्हणून दगडात साठलेला अर्गॉन मोजून दगडाचे वय काढता येते, दख्खनचे ६.६ कोटी वर्षांचे वय भूशास्त्रज्ञांनी याच वायूच्या आधारे काढलेले आहे. म्हणजे ज्या वायूमुळे आईच्या यंत्राला शंभर टक्के गाठता येत नाहीत, तोच आमच्या जोत्याच्या दगडाचे वय सांगतो. मी हे आईला सांगितले. तिने नाकातली नळी सारखी केली आणि विचारले, "मग तो घेतला तर वय वाढतं की कमी होतं?"

आईला भेटायला येणाऱ्यांचे हवेविषयीचे ज्ञान निराळेच होते. थोरल्या मामांचा आग्रह होता की तिला महिनाभर महाबळेश्वरला न्यावे, तिकडच्या हवेत ऑक्सिजन भरपूर. पाचगणीला पूर्वी क्षयरोग्यांना ठेवत असत, हा त्यांचा पुरावा. वस्तुस्थिती अशी की ऑक्सिजनचे टक्के पुण्यात आणि महाबळेश्वरात सारखेच आहेत, पण महाबळेश्वर पुण्याहून पाऊण किलोमीटरहून अधिक उंच असल्यामुळे तिथे हवेचा दाबच कमी आहे आणि प्रत्येक श्वासात ऑक्सिजन सुमारे नऊ टक्के कमी मिळतो. तिथे मिळते ती गारव्याची आणि धूळ नसलेली हवा, आणि तिचे मोल कमी नाही. पण डॉक्टरांनी मामांचा बेत ऐकताच हात जोडले. दुसऱ्या एकांनी पिंपळाखाली बसायला सांगितले, तो म्हणे रात्रीही ऑक्सिजन सोडतो. २०२१ च्या एप्रिलमध्ये, सिलिंडरसाठी शहरभर फोन फिरत होते त्या दिवसांत, हाच निरोप सगळ्यांच्या मोबाइलवर आला होता आणि तेव्हा त्यावर हसण्याची कोणाची मनःस्थिती नव्हती. प्रकाशावाचून पानातून ऑक्सिजन सुटत नाही, पिंपळाच्याही नाही. तरी मी गप्प बसले. आजाऱ्याच्या खोलीत आलेल्या माणसाच्या मायेला रसायनशास्त्राने उत्तर देऊ नये असे मला वाटते.

आई मात्र गप्प बसणारी नव्हती. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती आणि 'झाडे आपल्याला ऑक्सिजन देतात' हे वाक्य तिने फळ्यावर इतक्या वेळा लिहिले होते की त्यात काही उणे आहे असे कोणी म्हटले की ती सावध होई. उणे आहे ते असे. झाड दिवसा ऑक्सिजन सोडते हे खरेच, पण तेच झाड श्वसनही करते, आणि त्याची पाने गळून कुजतात, वाळवी खोड खाते, वणवा लागतो, तेव्हा दिलेला जवळजवळ सगळा ऑक्सिजन परत घेतला जातो. भरल्या वयाचे अरण्य वर्षाकाठी जितके देते साधारण तितकेच घेते. बँकेच्या खात्यात रोज लाखाची उलाढाल व्हावी आणि शिल्लक तेवढीच राहावी, तसे ते चालते. शिल्लक वाढायची तर पानातला कार्बन परत ऑक्सिजनला भेटता कामा नये; तो समुद्रतळाच्या गाळात किंवा दलदलीत गाडला गेला पाहिजे आणि तिथेच पडून राहिला पाहिजे. हवेत आज जो पाचवा हिस्सा ऑक्सिजन आहे, तो असा कोट्यवधी वर्षांत गाडल्या गेलेल्या आणि परत न आलेल्या कार्बनच्या बदल्यात उरलेला आहे. झाडे ऑक्सिजन देतात हे वाक्य खरे आहे. तो शिल्लक का राहतो, याचे उत्तर मातीखाली आहे. "मग मी मुलांना खोटं शिकवलं का?" आईने विचारले. खोटे नाही, अर्धे, असे मी म्हणाले. तिसरीच्या मुलांना अर्धेच पुरते, असे तिचे मत पडले.

ऑक्सिजन नसलेली पृथ्वी कशी असेल याची थोडीशी कल्पना मला लोणारला आली होती, अर्थात तेव्हा ती कळली नव्हती. विवराच्या काठावरून उतरताना झाडीतून आधी वास येतो, सडक्या अंड्याचा, आणि मग ते हिरवे, साबणासारखे बुळबुळीत, खारट पाणी दिसते. काठच्या काळ्या चिखलात काठी खुपसली की तो वास नाकात चढतो. त्या चिखलात ऑक्सिजन पोचलेलाच नसतो आणि तिथले जीवाणू गंधकावर जगतात. पाण्याला हिरवेपणा देणारे जीव मात्र सायनोबॅक्टेरियाच्या घराण्यातले आहेत, आणि पृथ्वीची हवा बदलण्याचे आद्य श्रेय किंवा अपश्रेय याच घराण्याकडे जाते. पृथ्वीच्या आयुष्याचा पहिला अर्धा काळ हवेत ऑक्सिजन जवळजवळ नव्हता. नायट्रोजन, वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि थोडा मिथेन अशी ती हवा होती. सूर्यप्रकाशाने पाणी फोडण्याची कला या सूक्ष्म जीवांना साधली आणि त्यातून टाकाऊ म्हणून ऑक्सिजन बाहेर पडू लागला. प्रारंभी तो समुद्रात विरघळलेल्या लोहानेच गिळला. गोव्याच्या खाणींतले तांबडे खनिज, सिंगभूमचे लोह, ही सारी त्या जुन्या गंजाच्या घराण्यातली आहेत. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी हे गिळणारे पुरे पडेनासे झाले आणि ऑक्सिजन हवेत साठू लागला. त्या काळच्या बहुतेक जीवांना तो विष होता. ते चिखलात, तळाशी, आतड्यांत, जिथे तो पोचत नाही तिथे जाऊन राहिले आणि आजही तिथेच आहेत. २०२० च्या जूनमध्ये लोणारचे पाणी एकाएकी गुलाबी झाले तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून ते खारप्रेमी सूक्ष्मजीवांचे काम असल्याचे सांगितले होते. आम्ही ते छायाचित्र मोबाइलवर पाहून पुढे ढकलले. सूक्ष्मजीव एका तळ्याचा रंग बदलतात ही बातमी झाली. त्यांनी सबंध ग्रहाची हवा बदलली होती, ही आपल्या प्रत्येक श्वासामागची हकीकत आहे, आणि तिची बातमी होत नाही.

आता बँकेची खोड म्हणून मी एक हिशोब मांडला. आमचे यंत्र दिवसाला आठ-नऊ युनिट वीज खाते. महाराष्ट्राची बरीचशी वीज अजून कोळशाची आहे. चंद्रपूरच्या पट्ट्यातला कोळसा पंचवीस कोटी वर्षांहून जुना, म्हणजे त्या काळच्या दलदलीत गाडला गेलेला आणि ऑक्सिजनला न भेटलेला कार्बन. कोळशाच्या एका युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड धुराड्यातून बाहेर पडतो. सगळी वीज कोळशाची धरली तर आईच्या यंत्रापायी रोज आठ किलोच्या आसपास, आणि त्यात सुमारे सहा किलो ऑक्सिजन बांधला जातो. मिनिटाला दोन लिटर या वेगाने यंत्र दिवसभरात आईला देते तो ऑक्सिजन साडेतीन किलोच्या आत-बाहेर. म्हणजे तिच्या नाकाशी जेवढा येतो, त्याहून जास्त दूर कुठल्या तरी भट्टीत खर्ची पडतो. हा हिशोब मी दोनदा तपासला. चुकला असता तर बरे वाटले असते.

यंत्र बंद करण्याचा विचार अर्थातच मनाला शिवला नाही, आणि ऑक्सिजन संपेल अशीही भीती नाही. १९९० च्या आसपासपासून राल्फ कीलिंग आणि इतर शास्त्रज्ञ हवेतला ऑक्सिजन अत्यंत काटेकोरपणे मोजत आले आहेत आणि तो दरवर्षी दहा लाखांत सुमारे चार भाग या गतीने घटतो आहे. पण दहा लाखांत तो दोन लाखांहून अधिक आहे, तेव्हा ही घट छातीला जाणवणारी नाही. जाणवते ते खात्याच्या दुसऱ्या बाजूला. राल्फचे वडील चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाईच्या मौना लोआ पर्वतावर कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली तेव्हा तो दहा लाखांत ३१५ भाग होता. कारखानदारीपूर्वी तो २८० च्या आसपास होता. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या बुडबुड्यांतून हवा काढून तपासली, तर गेल्या आठ लाख वर्षांत तो १८० ते ३०० यांच्यामध्येच वरखाली झालेला दिसतो. आपल्या दगडातले बुडबुडे रिकामे झाले, बर्फातल्यांनी हवा जशीच्या तशी जपली. २०२५ च्या मे महिन्यात मौना लोआवरचा आकडा ४३० च्या पुढे गेला. सायनोबॅक्टेरियांनी हवा बदलली त्याला कोट्यवधी वर्षे लागली. ३१५ पासून ४३० पर्यंतचा हा प्रवास माझ्या आईच्या हयातीतला आहे, आणि ३१५ नोंदले गेले तेव्हा ती शाळेत जात होती.

पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सिंहगडावरूनही हवेचे नमुने गोळा केले आहेत. पिठले-भाकरी आणि मटक्यातले दही यांसाठी गड चढणाऱ्या गर्दीत कोणी हवा भरून नेत असेल, हे मला कधी सुचले नव्हते. तिथल्या नोंदींत कार्बन डायऑक्साइड पावसाळ्यात उतरतो. मान्सूनचे वारे समुद्रावरची स्वच्छ हवा आणतात आणि सह्याद्री हिरवा होऊन कार्बन ओढू लागतो. हिवाळ्यात पुन्हा तो चढतो. आपल्या नाकाला हे कळत नाही, कार्बन डायऑक्साइडला वास नसतो. नोव्हेंबरच्या सकाळी नदीपात्रावर जे करडे, घशाला खरखर लावणारे धुके साचते, ते धुळीचे, पेटवलेल्या पाचोळ्याचे, लाखो दुचाकींच्या धुराचे. आईला त्या हवेने ढास लागते, म्हणून आम्ही खिडक्या लावतो आणि त्या हवेवर रागावतो. तो राग योग्यच आहे. पण जी हवा खोकायला लावत नाही तिच्यावर आपण रागावत नाही, ही अडचण आहे.

बोअरच्या पाण्याविषयीची त्या तरुणाची ताकीद मला याच सुमारास समजली. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात बोअरचे पाणी येते आणि महिन्याभरात नळाच्या तोटीवर, बादलीच्या कडेला, गीझरच्या कॉइलवर पांढरा थर धरतो. चिंच लावून, लिंबू लावून, व्हिनेगर लावून तो घासणे हे पुण्यातल्या पुष्कळ घरांतले नित्याचे काम आहे. तो थर म्हणजे एकेकाळची हवा आहे. पावसाच्या पाण्यात हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो, पाणी किंचित आम्ल होते, ते काळ्या दगडात मुरते आणि त्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम सोडवून घेते. कार्बन बायकार्बोनेटच्या रूपाने पाण्याबरोबर चालू लागतो. पाणी तापले की त्यातला थोडा तिथेच चुन्याच्या रूपाने बसतो. न बसलेला मुळा-मुठेतून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागरात जातो, तिथे शिंपल्यांत आणि तळाच्या चुनखडीत गाडला जातो. पृथ्वीच्या हवेतला कार्बन लक्षावधी वर्षांच्या मापाने आवरून धरणारी मुख्य व्यवस्था हीच आहे, आणि उष्ण, पावसाळी प्रदेशातला बेसाल्ट, म्हणजे हाच आपला काळा दगड, त्यात सर्वांत चपळ आहे. जमिनीवरच्या खडकांत बेसाल्टचा वाटा पाच टक्क्यांच्या आसपास, पण या कामातला त्याचा वाटा तिसऱ्या हिश्श्याच्या जवळपास असल्याचा अंदाज आहे. ज्या दगडाने थिजताना हवेत कार्बन ओतला, तोच झिजताना तो परत घेतो आहे. फक्त त्याची घाई आणि आपली घाई यांचा मेळ नाही.

तो मेळ घालण्याची एक कल्पना सध्या जगात चर्चेत आहे आणि भारतातही तिचे प्रयोग चालू आहेत : बेसाल्ट बारीक दळून शेतात पसरायचा, म्हणजे पावसाला झिजवायला हजारपट पृष्ठभाग मिळेल आणि पिकाला खनिजेही मिळतील. कल्पना मला पटते आणि तिच्याविषयी धास्तीही वाटते. आधीच पुण्याच्या भोवतीच्या किती टेकड्या खडीपायी पोखरल्या गेल्या हे सगळ्यांनी पाहिले आहे, आणि क्रशरची ती करडी भुकटी शेतात पडण्याआधी तिथे राबणाऱ्या माणसांच्या छातीत जाते हेही. भाचा भूशास्त्राचा पदवीधर आहे. त्याच्याबरोबर बसून मी आमच्यापुरता आकडा काढला. एक टन बेसाल्ट पुरता झिजला तर फार तर तीनशे किलो कार्बन डायऑक्साइड धरतो. आईच्या यंत्राच्या रोजच्या आठ किलोंसाठी रोज पंचवीस-तीस किलो भुकटी लागेल, आणि ती झिजायला वर्षे जातील. भाच्याचे म्हणणे, वाघोलीच्या क्रशरवर एवढी भुकटी पहिल्या काही मिनिटांतच वाया जात असेल, ती फुकट मिळेल. असेल. पण भुकटी तिथून शेतावर न्यायला ट्रक लागतो, क्रशर आणि ट्रक डिझेलवर चालतात, आणि ते डिझेल या हिशोबातून आधी वजा करावे लागते.